टर्बो, कार्ब्युरेटर आणि डायलवरचा 12 : मिश्रण मोजण्यामागची पार्श्वभूमी

भारतात कारखान्यातून कार्ब्युरेटरवाली टर्बो पेट्रोल गाडी कधी बाहेर पडलीच नाही. कोल्हापुरात ज्या मोजक्या आहेत त्या हातानं बनवलेल्या. 1.3 ची जिप्सी, एखादी कॉन्टेसा, कुणाची तरी मारुती 800. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, छोट्या डिझेल गाडीच्या भंगारातला, मॅनिफोल्ड शिवाजी उद्यमनगरात वेल्डिंग केलेला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा बंद डबा. गाडीत फेरफार करायला मनाई करणाऱ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विषय काढला की मालक चहा मागवतात, तेव्हा तो इथंच सोडू. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर बूस्टच्या, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेल्या जादा दाबाच्या, डायलशेजारी आणखी एक गोल डायल असतो, हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा. त्यावरचा 12 म्हणजे वजनानं एक भाग पेट्रोलला 12 भाग हवा. गेली दोन-तीन वर्षं वाद चाललाय तो या डायलवरच्या आकड्यावरून, आणि तो समजायला थोडं मागं जावं लागतं.

टर्बो आणि कार्ब्युरेटरचा संसार अमेरिकेत 1962 ला सुरू झाला. ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेवरले कॉर्वेअर मोन्झा स्पायडर एकाच वर्षी आल्या. दोन्हींत कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता, म्हणजे टर्बो हवेबरोबर पेट्रोलही ओढायचा. जेटफायरचं कॉम्प्रेशन 10.25 होतं. बूस्टच्या गाडीला हा आकडा आजही धाडसाचा वाटेल. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकणं, टाळायला पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती; ती रिकामी झाली की बूस्ट कापला जायचा. मिश्रण बघायचं साधन मात्र ड्रायव्हरकडं काहीच नव्हतं.

पुढं युरोपात ज्यांना जमलं ते इंजेक्शनकडं गेले. 1973 ची बीएमडब्ल्यू 2002 टर्बो आणि त्यानंतरची पोर्शे 911 टर्बो या पहिल्यापासून इंजेक्शनच्या. कार्ब्युरेटर टिकला तो 1980 ची लोटस एस्प्री टर्बो, 1981 ची मासेराटी बायटर्बो, 1982 ची एमजी मेट्रो टर्बो आणि 1985 ची रेनॉ 5 जीटी टर्बो अशा गाड्यांत. या चारही गाड्यांनी जुनी मांडणी उलटी केली, आधी टर्बो आणि मग कार्ब्युरेटर. आपल्याकडच्या हौशी गाड्याही बहुतेक याच पद्धतीच्या.

या मांडणीतली मेख पेट्रोलच्या दाबात आहे. बूस्ट 8 पीएसआय असेल तर कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्येही, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीतही, 8 पीएसआय दाब बसतो. पेट्रोलनं त्यावर मात करून आत शिरायचं, म्हणजे पंपाला 11-12 पीएसआय द्यावे लागतात, आणि बूस्ट उतरला की तो दाब खालीही यायला हवा, नाहीतर पेट्रोल अडवणारी सुई उचलून चेंबर ओसंडतो. त्यासाठी बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर लागतो. ती नळी निसटली, पंप थकला किंवा फिल्टर चोंदला तर रोजच्या चालवण्यात काहीच कळत नाही. गंगावेशीतून रंकाळ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी जाते. कमतरता उघडी पडते ती पूर्ण बूस्टवर, चौथ्या गिअरमध्ये, म्हणजे पिस्टनला भोक पडायची जी वेळ असते नेमकी तेव्हा. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, मिश्रण बघत बसलेला असतो. इथं तो पहारा माणसानंच द्यायचा.

माणसानं द्यायचा म्हणजे कसा, तर पूर्वी प्लग बघून. फुल थ्रॉटलला गाडी पळवायची, क्लच दाबून इंजिन बंद करायचं, कडेला घ्यायची आणि गरम प्लग काढून पोर्सेलिनचा रंग बघायचा. बिस्किटाचा रंग आला तर ठीक, पांढरा पडला तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, वाढवा. जुन्या मेस्त्रींचा डोळा यात पक्का होता. पण त्या बिस्किटी रंगातला बराच भाग पेट्रोलमधल्या शिशाचा होता. देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं 1 फेब्रुवारी 2000 ला, आणि तेव्हापासून प्लग वाचणं अवघड झालं. इथेनॉल आल्यावर तर पोर्सेलिन इतकं स्वच्छ राहतं की जेट बरोबर असूनही बघणारा घाबरतो. ब्रिटिश पद्धतीचा काचेचा प्लग काही गॅरेजांत होता. ज्योत पिवळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), निळी म्हणजे जमलं, फिकट पांढुरकी निळी म्हणजे लीन (पेट्रोल कमी). तो आयडलपुरता. बूस्टमध्ये काचेचा प्लग लावून बघायला कुणी धजावणार नाही.

तापमान हा दुसरा रस्ता, आणि तो कोल्हापूरला परका नव्हता. इथल्या फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडात थर्मोकपल बुडवून तापमान घेणं रोजचं काम आहे. त्याच विद्येतला के-टाइप थर्मोकपल मॅनिफोल्डमध्ये टर्बोच्या आधी बसवायचा आणि 900 अंशांच्या वर काटा चढू लागला की पाय उचलायचा. विमानांचे पायलट सिलिंडरच्या एक्झॉस्टचं तापमान बघून मिश्रण जुळवतात ते याच तत्त्वावर. त्याहीआधी, 1930 च्या दशकात, एक्झॉस्टची उष्णतावाहकता मोजून मिश्रण दाखवणारी यंत्रं विमानांत होती. तापमानाची अडचण एवढीच की मिश्रण रिच केलं तरी ते उतरतं आणि फार लीन केलं तरी उतरतं. वर ठिणगीचं टायमिंग मागं असेल तर मिश्रण बरोबर असूनही काटा चढतो. धोक्याची घंटा म्हणून उत्तम. आकडा म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

ऑक्सिजन सेन्सर गाडीत आला 1976 मध्ये, अमेरिकेसाठी बनवलेल्या व्होल्व्होत. झिरकोनियाची ही टोपी 300 अंशांच्या वर तापली की रिच मिश्रणाला 0.8-0.9 व्होल्ट आणि लीनला 0.1 व्होल्ट देते. मधला उतार इतका खडा की तिला कळतं ते फक्त ‘या बाजूला की त्या बाजूला’. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेवढं पुरतं. अमेरिकेत 1980 च्या सुमाराला कार्ब्युरेटरलाही हा सेन्सर जोडून सोलेनॉइडनं मिश्रण हलवणाऱ्या गाड्या आल्या. आपल्याकडं शिसं असेपर्यंत या सेन्सरचा उपयोग नव्हता, कारण शिसं त्याला मारतं. चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल एप्रिल 1995 पासून मिळू लागलं. पूर्ण देशाला 2000 ची वाट बघावी लागली.

त्यानंतर दहा एलईडींचे डायल आले. लाल-पिवळे-हिरवे दिवे नाचायचे, बघायला झकास. बूस्टमध्ये पाहिजे 12 च्या आसपासचं मिश्रण, आणि तिथं या सेन्सरचा व्होल्टेज मिश्रणापेक्षा त्याच्या स्वतःच्या तापमानानं जास्त हलतो. 11 आणि 13 यांत त्याला फरक करता येत नाही. हिरवे दिवे बघत पिस्टन घालवलेले लोक आहेत.

खरा फरक पडला वाइडबँड सेन्सरनं. तो 1990 च्या दशकातला, पण हौशी माणसाच्या खिशाला परवडायला 2000 चं दशक उजाडलं. यात दोन पेशी असतात. एक जुन्यासारखी, आणि दुसरी एका बारीक पोकळीत ऑक्सिजन ढकलणारी किंवा बाहेर काढणारी. पोकळीतलं मिश्रण कायम लॅम्डा 1 वर, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागेल नेमक्या तेवढ्या हवेवर, ठेवायला किती करंट लागला, यावरून बाहेरचं प्रमाण कळतं. बॉशच्या या सेन्सरची एलएसयू 4.2 मग 4.9 अशी पिढी बदलली. 4.2 ला अधूनमधून मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करावं लागतं. गाडीवाल्यांनी हे टाळलं की डायल हळूहळू खोटं बोलू लागतो.

कुठं बसवायचा यात फारसा वाद उरलेला नाही. टर्बोच्या पुढं, डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोतून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या पाइपात. आधी बसवला तर उष्णता आणि एक्झॉस्टचा मागचा दाब दोन्ही रीडिंग बिघडवतात. तोंड आडव्या रेषेच्या वर हवं, नाहीतर पाइपात साठलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि ते तडकतं. पावसाळ्यात गगनबावड्याला रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना हे पाणी भरपूर असतं. आणि इंजिन चालू असताना सेन्सरचा हीटर बंद ठेवू नये. काजळी धरून तो महिन्या-दोन महिन्यांत जातो.

एक फसवणूक मात्र जाणकारांनाही चकवते. सेन्सर मोजतो ऑक्सिजन. बूस्टमध्ये मिश्रण फार रिच झालं, प्लगची ठिणगी विझली आणि सिलिंडर मिसिंग मारू लागला, तर न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि डायल लीन दाखवतो. मेस्त्री जेट वाढवतो. मिसिंग वाढतं, डायल आणखी लीन. अशा वेळी प्लगचा गॅप 0.8 वरून 0.6 मिलिमीटर केला की जादू झाल्यासारखं रीडिंग खाली येतं.

आता त्या 12 च्या वादाकडं. वाइडबँडला कळतो तो लॅम्डा, म्हणजे पूर्ण ज्वलनाला हव्या त्या हवेच्या किती पट हवा आहे ते. डायल त्याला 14.7 नं गुणून प्रमाण दाखवतो. 14.7 हा शुद्ध पेट्रोलचा आकडा. टाकीत शुद्ध पेट्रोल होतं तोवर कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

इथेनॉल मिसळायचा प्रयोग 2001 मध्ये देशात तीन ठिकाणी झाला. त्यातलं एक मिरज, कोल्हापूरपासून तासाभरावर. 2003 पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के सुरू झालं, कागदावर तरी. पुढं बरीच वर्षं प्रत्यक्ष मिश्रण त्याच्याही खाली रेंगाळलं. मग गाडी सुसाट निघाली: 10 टक्के 2022 च्या मध्यात, 20 टक्क्यांचे पहिले पंप फेब्रुवारी 2023 मध्ये, आणि 2030 चं 20 टक्क्यांचं लक्ष्य अलीकडं ओढून 2025 मध्ये गाठलेलंही. ज्या जिल्ह्यात उसाच्या बिलावर घरं चालतात तिथं याला नावं ठेवणं सोपं नाही, आणि ठेवायचीही नाहीत. पण जुन्या कार्ब्युरेटरला हा बदल आपसूक झेपत नाही, हेही तितकंच खरं.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी 14.7 नव्हे, साधारण 13.5 पट हवा लागते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. जेटमधून जेवढं जायचं तेवढंच जातं. समजा शुद्ध पेट्रोलवर बूस्टमध्ये लॅम्डा 0.82 जुळवला होता. डायल 12.05 दाखवायचा. तोच जेट, तोच बूस्ट, टाकीत 20 टक्के. लॅम्डा होतो 0.88 च्या जवळपास आणि डायल म्हणतो 12.9. मालक घाबरतो. मग कुणीतरी सुचवतं की डायलच्या सेटिंगमध्ये इंधन बदल, 20 टक्क्यांचं निवड. तसं केलं की डायल दाखवतो 11.9. मालक निर्धास्त.

आणि हीच गोची आहे. 11.9 हा आकडा चुकीचा नाही. वजनानं बघितलं तर सिलिंडरमध्ये खरंच तेवढंच प्रमाण जातंय, कारण जेट तोच आहे. पण या पेट्रोलवर जुन्या 12 ची जागा 11.1 ला आहे. स्केल बदलला आणि डोक्यातलं लक्ष्य बदललं नाही, तर लीन गाडी डायलवर ठणठणीत दिसते. म्हणून डायल सरळ लॅम्डावर टाकावा हा एक पक्ष. 0.82 म्हणजे 0.82, पेट्रोल कुठलंही असो. दुसरा पक्ष म्हणतो, वीस वर्षं 12 बघायची सवय झालेल्या डोळ्याला ऐन बूस्टमध्ये 0.82 वाचता येत नाही, आणि 14.7 चा स्केल न हलवता 12 बघत राहिलं तरी तेच साधतं. हिशेबानं हेही बरोबर आहे. चूक फक्त स्केल हलवणाऱ्यांची, आणि संख्येनं तेच जास्त.

तिसरं एक म्हणणं आहे की 0.88 नं बिघडतं काय? इथेनॉलचं ऑक्टेन जास्त, वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता ओढतं, नॉकिंग मागं सरकतं. यात तथ्य आहे. गाडीला थोडी ताकदही जास्त मिळते. पण रिच मिश्रणाचं काम नॉकिंग थांबवण्यापुरतं नसतं. डिझेलच्या भंगारातला टर्बो मुळात थंड एक्झॉस्टसाठी बनलेला. त्याची टर्बाइन पेट्रोलच्या उष्णतेला आधीच कुरकुरत असते, तिथं आणखी 30-40 अंश चढवायचे कशासाठी?

टाकीत नेमकं किती इथेनॉल आहे हे बघायला उद्यमनगरात साधी युक्ती चालते. 100 मिलीच्या मोजपात्रात 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, हलवून ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. 28 च्या आसपास आला तर 20 टक्के.

जेट वाढवायचा तर किती, यातही पेच आहे. जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. सात टक्के जास्त पेट्रोल हवं तर व्यास साडेतीन टक्के वाढायला हवा. 110 च्या जागी 114. असा जेट मिळत नाही. 112.5 टाकला तर जेमतेम साडेचार टक्के वाढ, 115 टाकला तर नऊ. बहुतेक जण 115 घेतात आणि क्रूझिंगला ॲव्हरेज घालवतात. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. इथं जुळवलेलं मिश्रण करूळ घाट उतरून तळकोकणात गेलं की अडीच-तीन टक्के लीन होतं, ते वेगळंच. त्यामुळं सुट्टीला मालवणला जाणाऱ्यांनी 115 बसवला तर तो शहाणपणाच म्हणायचा.

पीयूसीत यातलं काहीच दिसत नाही. जुन्या पेट्रोल गाडीची तपासणी आयडलवर होते, मर्यादा 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची. आयडलला बूस्ट नसतो, मेन जेट झोपलेला असतो आणि इथेनॉलमुळं मिश्रण आपसूक लीन झालेलं असतं. म्हणजे बूस्टमध्ये 0.88 वर धावणाऱ्या त्याच गाडीचं प्रमाणपत्र पूर्वीपेक्षा चांगल्या आकड्यांचं येतं.