आकडा एक, मापं अनेक

नवा सेल टॉर्चमध्ये घातला की झाकणाचे शेवटचे आटे बसत नाहीत. दुसरा घातला तर खुळखुळतो आणि जरा धक्का लागला की उजेड जातो. दोन्ही सेलवर आकडा एकच: १८६५०.

१८९८ साली आलेला जाडा डी सेल टॉर्चसाठीच घडवला होता, आणि टॉर्चची नळी त्याच्याच मापाने बेतली जायची. १८६५० चा जन्म असा नाही. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणले ते व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी, आणि १८६५० रुळला तो लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमध्ये. तिथे सेलना पट्ट्या वेल्ड करून पॅक बंद करतात. गिऱ्हाइकाचा हात सेलला लागणारच नव्हता. त्यामुळे धन टोक सपाट राहिलं, आणि सुरक्षेचं सर्किट सेलवर न बसता पॅकमध्ये बसलं.

नावातच माप आहे: १८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबी, आणि शून्य म्हणजे नळकांडं. हाच सेल टॉर्चसाठी सुटा विकायचा तर सर्किट त्याच्या अंगावरच हवं. मग ऋण टोकाला सर्किटची चकती आली, तिच्यापासून वरपर्यंत पातळ धातूची पट्टी, वर आणखी एक वेष्टन आणि बहुतेकदा धन टोकाला बटण. ६५ चा सेल ६८ ते ७० मिमीचा झाला, अंगानेही किंचित भरला, नाव मात्र तेच. माझ्या मते दोष टॉर्चचा कमी, या नावाचा जास्त. झाकण जोर लावून पिळलं तर चेपण्याची भीती असते ती त्या चकतीलाच.

सपाट टोकाचं दुखणं वेगळं. सेल उलटा पडला तरी टॉर्च जळू नये म्हणून काहींमध्ये धन संपर्काभोवती प्लॅस्टिकची कडा असते. बटण तिच्या आत पोचतं, सपाट टोक बाहेरच अडतं. सेल भरलेला, टॉर्च ठणठणीत, आणि अंधार.

दुसरा घोळ सीआर१२३ए चा. हे ३ व्होल्टचे, एकदाच वापरायचे सेल टॉर्चमध्ये दोन-दोन घालत. ३४.५ मिमीचे दोन मिळून ६९, म्हणजे लांबीला १८६५० चालतो. पण नळी १७ मिमीच्या सेलसाठी कोरलेली. त्या एका मिलिमीटरपायी १७६७० हे माप निघालं. १६३४० हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल मात्र सहज आत जातो, आणि धोका तिथेच: असे दोन भरलेले सेल ८.४ व्होल्ट देतात, दिवा ६ च्या हिशेबाचा.

पुढे टेस्लाच्या मोटारींमुळे २१७०० चं माप पसरलं आणि टॉर्चमध्येही आलं. आता अशा काही टॉर्चसोबत प्लॅस्टिकची एक पोकळ नळी मिळते, जुना १८६५० आत खुळखुळू नये म्हणून.