थेंब की नुसता घोळका? जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांच्या वादाची पार्श्वभूमी

१९६१ मध्ये ई. कोलाय जिवाणूतल्या लॅक ऑपेरॉनचा (दुधातली साखर पचवणाऱ्या जनुकांच्या गटाचा) आराखडा मांडला गेला, तेव्हा चित्र सुटसुटीत होते. एक प्रथिन डीएनएवर बसते आणि जनुक बंद ठेवते. यीस्टमध्ये एवढ्याने भागेना. १९८५ मध्ये गॅल४ या प्रथिनाचा जनुक चालू करणारा भाग जिवाणूच्या लेक्सए या डीएनए पकडणाऱ्या प्रथिनाला जोडला, तर यीस्टमध्ये लेक्सए बसण्याची डीएनएवरची जागा ज्या जनुकाजवळ बसवली होती ते जनुक चालू झाले. डीएनए पकडणे हे एक काम आणि इतर प्रथिनांना जवळ आणणे हे दुसरे, हे त्यातून दिसले. याच युक्तीवर १९८९ मध्ये यीस्ट टू-हायब्रिड ही दोन प्रथिने एकमेकांना धरतात का ते पाहणारी चाचणी उभी राहिली. पाठोपाठ मीडिएटर हाती लागला. यीस्टमध्ये तो २५ प्रथिनांचा संच आहे आणि डीएनएवरच्या प्रथिनांचा निरोप जनुकावरून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ या एन्झाइमापर्यंत पोचवतो.

पण चालू करणारे हे भाग बहुधा ठरावीक घडीत नसतातच. ते सैल असतात, त्यांची पकड कच्ची असते. मग इतकी प्रथिने एकाच जागी, एकाच वेळी जमतात कशी?

२०१७ मध्ये उत्तर सुचवले गेले ते फेज सेपरेशनचे. पाण्यात तेल वेगळे होते तशी ही प्रथिने केंद्रकात थेंब करतात, असे. २०१८ मध्ये मीडिएटरमधले मेड१ हे प्रथिन आणि जनुके चालू करण्यात भाग घेणारे बीआरडी४ हे वेगळे प्रथिन यांचे ठिपके उंदराच्या भ्रूण-मूलपेशींत दिसले आणि कल्पनेने जोर धरला. माझ्या मते तो पुराव्याच्या मानाने जास्तच होता. ठिपका गोल आहे, दोन ठिपके एकमेकांत मिसळतात, प्रथिनांना जोडलेली चमक लेझरने विझवली तरी भरून येते, एवढ्यावर थेंब ठरवला जाई. पण थेंब न होता नुसता जमलेला प्रथिनांचा घोळका छोटा असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तो तसाही गोलच दिसतो. चमक तर डीएनएला धरून-सोडून फिरणाऱ्या प्रथिनांमुळेही भरून येते.

खरी अडचण १,६-हेक्सेनडायॉलची. या रसायनाने ठिपके विरले की थेंब सिद्ध झाला, असा प्रघातच पडला होता. २०२१ मध्ये दाखवले गेले की ते प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या कायनेज आणि तो काढणाऱ्या फॉस्फटेज या एन्झाइमांचे कामही मंदावते, शिवाय जिवंत मानवी पेशींतले क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, गोठवते. अशा पेशीत ठिपका का विरला, हे सांगायचे कशाच्या आधारावर? या एका चाचणीवर उभे असलेले निष्कर्ष पुन्हा तपासायलाच हवेत.

२०२२ मध्ये मानवी पेशींतल्या एका प्रयोगात चालू करणाऱ्या भागांची तुलना झाली. प्रथिनांच्या अनेक कच्च्या पकडी एकत्र आल्या की ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे जनुकावरून आरएनए बनणे, वाढत होते, पण थेंब झाल्याने त्यात वेगळी भर पडत नव्हती. आता प्रयोगांचा रोख बदलतो आहे. एकाच जिवंत पेशीत घोळका आणि त्याच जनुकाचा नव्याने बनणारा आरएनए सोबत टिपायचा, आणि घोळका जनुकाजवळ आल्यावर आरएनए खरोखर वाढतो का ते मोजायचे.