दोन वर्षांचं झालं, तरी बोलत नाही?

"कायले चिंता करतं वं? याचा बाप बी तिसऱ्या वर्षी बोलला." विदर्भातल्या खेड्यात नातवाबद्दल आजी असं सहज म्हणते. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं. उशिरा बोलणं काही घराण्यांत चालत येतं, मुलगे मुलींपेक्षा थोडे मागे असतात. दोन वर्षांच्या शंभर मुलांत साधारण दहा-पंधरा जण उशिरा बोलणारे निघतात आणि त्यातले बरेचसे पुढे बरोबरीला येतात. पण वाट पाहायची की उठून तपासणीला जायचं, हे नुसते शब्द मोजून ठरवता येत नाही. आधी पाहायचं ते मुलाला समजतं किती, आणि ऐकू येतं का.

समज घरीच पाहता येते. दीड वर्षाच्या मुलाला म्हणा, "जा, चप्पल आण." म्हणताना हात हलवायचा नाही, चपलेकडे पाहायचंही नाही. मुलं मोठ्यांची नजर फार पटकन पकडतात आणि आपल्याला वाटतं शब्द कळला. तसंच बोट दाखवणं. दारासमोरून बैलगाडी गेली की मूल तिच्याकडे बोट करतं आणि मागे वळून आईकडे बघतं, 'तुलाही दिसली ना?' अशा नजरेनं. बोलण्याची खरी पायाभरणी इथे होते. समजतं आहे, बोट दाखवतं आहे, हाक मारली की वळतं आहे, फक्त शब्द कमी आहेत, अशा मुलाबद्दल आशा बाळगायला भरपूर जागा असते.

आता कान. ताट वाजवलं, मूल दचकलं, म्हणजे ऐकू येतं, असं आपल्याकडे सर्रास धरलं जातं. हा पुरावा फार कच्चा आहे. ताटाचा आवाज मोठा असतो. अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला तो ऐकू जातो, पण बोलण्यातले स, फ, क, त असे बारीक आवाज निसटतात. कधी मूल आवाजाऐवजी सावलीला किंवा जमिनीच्या हादऱ्याला वळतं. शिवाय जन्मतः बहिरं बाळही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. साधारण सहा महिन्यांनंतर इतर बाळं 'बाबाबा', 'दादादा' सुरू करतात, तेव्हा हे बाळ मागे पडू लागतं. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकणं कमी होतं, आणि ते उपचारानं सुधारतं. बेरा नावाच्या तपासणीत मूल झोपलेलं असताना कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते कळतं. मुलानं उत्तर द्यायची गरज नसते. पहिल्या काही वर्षांत मेंदूला आवाज मिळाला तर भाषा रुजते, म्हणून इथे गेलेला प्रत्येक महिना महाग पडतो.

या गोष्टी दिसल्या तर थांबू नये: वर्षाचं होऊनही हाकेला वळत नाही, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही किंवा एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नाही, तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला फारसं कळत नाही. आणि येत असलेले शब्द बंद झाले, तर कोणत्याही वयात ताबडतोब दाखवावं. त्यामागे स्वमग्नता (ऑटिझम) किंवा दुसरं कारण असू शकतं.

वेखंड उगाळून जिभेला लावल्यानं बोलणं येत नाही. त्यात मध घालून वर्षाच्या आतल्या बाळाला देणं तर धोक्याचं आहे. घरात कोरकू किंवा गोंडी आणि अंगणवाडीत मराठी, यानं मूल मागे पडतं ही भीतीही सोडून द्यावी. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. वऱ्हाडी घरातलं मूल 'डोळा'ला 'डोया' म्हणालं तर तो दोष नाही, ती त्याच्या घरची बोली आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई शेतात आणि मूल मोबाइलपुढे, हे घराघरांत दिसतं. आईला बोल लावून उपयोग नाही, तिच्याकडे दुसरा इलाज नसतो. पण 2003 साली भाषा-संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून चिनी भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तेच व्हिडिओवर दाखवलं तेव्हा काहीच शिकली नाहीत. म्हणून मूल सांभाळणाऱ्या आजीनं भाकरी थापताना, कोंबड्यांना दाणे टाकताना त्याच्याशी बोलत राहावं आणि त्यानं काही आवाज काढला की उत्तर द्यावं. हे कोणत्याही व्हिडिओपेक्षा मोलाचं आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते येऊन गेलं असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबू नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची (मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासून उपचार करणाऱ्या केंद्राची) चिठ्ठी मागा. नागपूर, सेवाग्राम, अकोला, यवतमाळ इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. नव्या जागी मूल बहुधा गप्प बसतं, म्हणून घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या आणि ते बोलतं ते शब्द घरच्या बोलीत जसेच्या तसे लिहून न्या.