तडा गेलेली लादी टाकून देण्याआधी

तडा गेलेली दगडी लादी टाकून देण्याआधी तिच्यावर थोडं पाणी ओता आणि कोरड्या फडक्याने लगेच पुसून घ्या. बाकीचा पृष्ठभाग बघता बघता वाळतो, पण चीर गडद रेघ होऊन मागे राहते. केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, आत गेलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही. एरवी वीतभर वाटणारी चीर अशा वेळी हातभर निघू शकते, आणि दुरुस्ती करायची ती या हातभर चिरेची.

दगड दाबाला दणकट, ताणाला कच्चा. चांगला ग्रॅनाइट दर चौरस मिलिमीटरला 100 न्यूटनहून जास्त दाब पेलतो, पण वाकवला तर साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यातच मोडतो. दोन टेकूंवर ठेवलेल्या लादीच्या मधोमध वजन आलं की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. खालच्या बाजूला चीर असेल तर ताण नेमका तिच्या टोकाशी एकवटतो. काच अपेक्षेपेक्षा इतक्या कमी ताणात का फुटते, याचं उत्तर इंग्लिश अभियंता ॲलन ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये अशाच बारीक चिरांमध्ये शोधलं होतं. दगडालाही तेच लागू पडतं.

चीर बुजवायला पातळ इपॉक्सी उत्तम, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन घटक मिसळून वापरायचा चिकट द्रव. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना जास्त आकसतं, म्हणून मला ते बारीक चिरेसाठी पटत नाही. लादी आधी पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या छिद्रांत रेझिन नीट शिरत नाही. दगड किंचित कोमट केला तर रेझिन आणखी पातळ होऊन खोलवर उतरतं. इपॉक्सी वाळून घट्ट होत नाही, त्यातले दोन घटक एकमेकांशी रासायनिक बंध जोडतात. त्यामुळे ‘लवकर घट्ट व्हावं’ म्हणून हार्डनर जास्त घालणं चूकच. जोडीदार न मिळालेले रेणू तसेच उरतात आणि सांधा मऊ राहतो.

यानंतर जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं. चीर डोळ्यांत भरते ती आतल्या हवेमुळे, कारण दगड आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झ या खनिजाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे 1.54 आहे आणि घट्ट झालेल्या इपॉक्सीचा त्याच्या अगदी जवळ. हवेची जागा इपॉक्सीने घेतली की प्रकाश जवळजवळ न अडखळता पार जातो आणि ग्रॅनाइटमधली बारीक चीर नाहीशी झाल्यासारखी दिसते.

पण चीर दिसेनाशी झाली म्हणजे लादी पूर्वीइतकी मजबूत झाली, असं समजू नका. टेकूंवर बसवायची असेल तर खालच्या बाजूला खाचा पाडून त्यांत स्टेनलेस स्टीलच्या किंवा काचतंतूंच्या सळ्या इपॉक्सीत बसवतात. ताण मग त्या घेतात. साधं लोखंड नको, ते गंजून फुगतं आणि दगड पुन्हा फोडतं. सळ्या बसवणं जमणार नसेल तर लादी अशा जागी वापरा जिथे तिला खालून सगळीकडे आधार मिळेल. बागेतली वाट त्यासाठी उत्तम.

संगमरवराचं दुखणं वेगळं. तो ज्या खनिजाचा बनलेला असतो तो कॅल्साइट तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि तिच्या काटकोनात चक्क आकसतो. वर्षानुवर्षं ऊन-गारवा सोसलेल्या संगमरवराचे कण त्यामुळे एकमेकांपासून सुटू लागतात. मडकं वाजवून बघतात तशी लादी वाजवून बघा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद आला आणि कडेची भुकटी बोटाला लागली, तर नुसती चीर भरून भागणार नाही. संगमरवर लिंबू-व्हिनेगरनेही साफ करू नका, आम्लाने कॅल्साइट विरघळतो आणि पॉलिश जातं.

कापताना आणि घासताना मात्र हयगय नको. ग्रॅनाइटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. तिचे न दिसणारे कण फुप्फुसात रुतून सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांमध्ये सिलिका आणखी जास्त असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यांच्यावर बंदी घातली ती याच कारणाने. म्हणून पाण्याची धार सोडूनच कापा, धुळीसाठीचा चांगला मास्क लावा आणि खाली साचलेला राडा वाळायच्या आत ओल्या फडक्याने उचला. तो वाळल्यावर झाडला, तर तीच धूळ पुन्हा हवेत उडते.