मुरानो-बुरानो हे एका ठिकाणाचे नाव नव्हे

युरोपची सहल करून आलेल्या आपल्या माणसांना व्हेनिसबद्दल विचारले, की गोंडोला आणि सान मार्कोच्या चौकामागोमाग ‘मुरानो-बुरानो’ हा शब्द एका दमात येतो, जणू काही ते पुणे-पिंपरीसारखे लागून असलेले एकच गाव असावे. खरे तर ती दोन वेगळी बेटे आहेत, मुरानो काचेचे आणि बुरानो लेसचे. मग कोणी बुरानोची काच आणल्याचे सांगते, तर कोणी मुरानोच्या रंगीत घरांचे फोटो दाखवते. यात प्रवाशांचा दोष फारसा नाही. अर्ध्या दिवसात दोन्ही बेटे उरकणाऱ्या सहलींनी हा गोंधळ रुजवला आहे, आणि पहिल्या खेपेला मीही अशाच एका सहलीबरोबर गेले होते. मुरानोला तासभर आणि बुरानोला चाळीस मिनिटे मिळाली, आणि त्या चाळीस मिनिटांत एका दुकानातून ‘इथलीच हातची लेस’ असे सांगून विकलेला टेबलावरचा रुमाल मी घरी आणला. गेल्या ऑक्टोबरमध्ये पाच दिवस केवळ व्हेनिस आणि तिची बेटे पाहायला पुन्हा गेले, तेव्हा तो रुमाल मुद्दाम बरोबर नेला होता.

किरकोळ फरक आधी सांगून टाकते. दोन्ही बेटे व्हेनिसभोवतीच्या उथळ खाजणात, शहराच्या उत्तरेकडे आहेत. मुरानो जेमतेम दीड किलोमीटरवर आहे आणि फोन्दामेन्ते नोवेच्या धक्क्यावरून वापोरेत्तो, म्हणजे तिथली प्रवासी बोट, दहा मिनिटांत तिथे पोहोचवते. बुरानो सुमारे सात किलोमीटर दूर आहे आणि त्याच धक्क्यावरून बारा क्रमांकाच्या बोटीने पाऊण तासाच्या आसपास लागतो. रंगीत घरे बुरानोची. धुक्यातून परतणाऱ्या कोळ्यांना आपले घर ओळखता यावे म्हणून ती रंगवत, असे तिथे सांगतात. सान मार्तीनो चर्चचा कललेला मनोराही बुरानोचाच.

मुरानोविषयी आपल्याकडे बऱ्यापैकी माहिती असते, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर नेल्या, पंधराव्या शतकात आंजेलो बारोव्हिएर याने इथेच स्फटिकासारखी नितळ काच घडवली, आणि १८६१ मध्ये स्थापन झालेले काचेचे संग्रहालय आजही इथे आहे. ते वेळ काढून पाहावे. सांता मारिया ए सान दोनातो या चर्चची बाराव्या शतकातली मोझेइकची, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली, फरशीही चुकवू नये. सहलीची माणसे दुकानातून थेट बोटीकडे वळतात आणि ती फरशी पाहायची राहून जाते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता मुख्य मुद्दा. ‘एक काचेचे बेट, दुसरे लेसचे’ असे म्हटले की फरक संपला असे लोकांना वाटते, आणि चूक नेमकी तिथे होते. दोन्ही हस्तकला आहेत, तेव्हा दोन्ही एकाच पद्धतीने पाहता येतील, दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक पाहायचे आणि शेजारच्या दुकानातून तीच वस्तू घ्यायची, असे आपण गृहीत धरतो. मुरानोत हे जमते, बुरानोत जमत नाही, कारण या दोन कलांचा काळाशी असलेला संबंधच उलटा आहे.

काचेला थांबता येत नाही. भट्टीतून फुंकनळीच्या टोकावर बाहेर आलेला नारिंगी गोळा लगेच निवू लागतो, म्हणून कारागिराला जे करायचे ते त्या मिनिटांतच करावे लागते. मी पाहिलेल्या भट्टीत एका वयस्क कारागिराने लोखंडी चिमट्याने त्या गोळ्याची मान ओढली, आयाळीला चार चिमटे दिले, पाय एकेक करून खेचले आणि मागचे दोन पाय टेकवून घोडा उभा केला. या सगळ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील. मग त्याने कागदाचा कपटा घोड्याच्या पाठीला लावला आणि तो भुर्रकन पेटला. ती वस्तू पुढे तासन्‌तास हळूहळू निववावी लागते, नाहीतर ती तडकते, पण घडण्याचा क्षण आपण अखेरपर्यंत पाहिलेला असतो. बाहेरून आणलेली स्वस्त काच मुरानोतही विकली जाते, हे खरे. त्यासाठी ‘वेत्रो आर्तिस्तिको मुरानो’, म्हणजे मुरानोची कलात्मक काच, हे अधिकृत बोधचिन्ह पाहून घ्यावे. तरीही डोळ्यांसमोर खरे काम घडलेले असल्याने तुलना करायला काहीतरी हाताशी असते.

लेसचे तसे नाही, आणि आपल्या भाषेमुळे इथला गोंधळ आणखी वाढतो. आपल्याकडे आजीच्या क्रोशाच्या रुमालालाही लेस म्हणतात आणि परकराच्या कडेला लावलेल्या यंत्रावरच्या पट्टीलाही लेसच म्हणतात. शिवाय क्रोशाच्या आकड्यालाही आपण सुईच म्हणतो, त्यामुळे ‘बुरानोची लेस सुईने करतात’ हे ऐकून बहुतेकांना क्रोशाच आठवतो. बुरानोत आकडा नाही, शिवणाची साधी नाकाची सुई आणि दोरा आहे. नक्षी कागदावर काढतात, तो कागद कापडाच्या थरांवर टाचतात, नक्षीच्या रेषांवरून दोऱ्याची बाह्यरेषा धरून घेतात आणि मग तिच्या आतली जागा काजाच्या टाक्यासारख्या बारीक टाक्यांनी भरत जातात. हे टाके कापडातून आरपार जात नाहीत, ते आधीच्या दोऱ्याला धरूनच पुढे सरकतात. शेवटी धरून ठेवणारे दोरे थरांमधून कापले, की कागद आणि कापड दोन्ही निघून जातात आणि उरते ती केवळ टाक्यांची जाळी. म्हणूनच या प्रकाराला ‘पुंतो इन आरिया’, म्हणजे हवेतला टाका, म्हणतात. रूढ पद्धतीत एकेक बाई एकेका प्रकारच्या टाक्यात तरबेज असते, त्यामुळे एकच तुकडा अनेक हातांतून फिरतो आणि लहानशा तुकड्यालाही कित्येक आठवडे लागतात.

लेसच्या संग्रहालयात मांडीवर उशी घेऊन बसलेल्या एका वृद्ध बाईंजवळ मी बराच वेळ बसले होते. त्या तेवढ्या वेळात सुमारे नखाएवढी जागा भरली गेली. मी माझा रुमाल पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, प्रत्येक फूल हुबेहूब सारखे आहे हे बोटाने दाखवले आणि न बोलता घडी घालून परत दिला. रुमाल यंत्रावरचा होता. आठवड्यांचे काम रस्त्याकडेच्या टोपलीत वीस-पंचवीस युरोला मिळणे शक्य नाही, एवढा हिशेब कोणी पहिल्या खेपेलाच सांगितला असता तर बरे झाले असते.

हे संग्रहालय गालुप्पी चौकात, पूर्वी लेसची शाळा जिथे भरत असे त्याच इमारतीत आहे. १८७२ मध्ये कडक थंडीने मासेमारी बुडाली आणि घरोघरी उपासमार आली, तेव्हा बायकांच्या हाताला काम मिळावे म्हणून ती शाळा उघडली. तोवर कला जवळजवळ विसरली गेली होती, आणि जुने टाके ठाऊक असलेली चेंचा स्कार्पारियोला नावाची एक वृद्धा हाच शेवटचा दुवा उरला होता. तिच्याकडून ते टाके पुढच्या पिढीच्या हातात गेले. शाळा १९७० च्या सुमारास बंद झाली आणि १९८१ मध्ये संग्रहालय उघडले. तिथल्या काचेच्या पेट्यांमधली जुन्या कॉलर आणि पदर निवांत पाहावेत, कारण बुरानोची खरी लेस पाहण्याची जागा तीच आहे. बाहेरच्या रंगीत भिंतींपुढे, कोणाच्या तरी दारात उभे राहून फोटो काढण्यात सगळा वेळ घालवणे मला अजिबात पटत नाही. ती लोकांची राहती घरे आहेत.

म्हणून ही दोन बेटे एका दिवसात कोंबू नयेत. मुरानोला कामाच्या दिवशी सकाळी जावे, कारण भट्ट्या तेव्हा चालू असतात. बुरानोला वेगळा अख्खा दिवस द्यावा. दुपारी गो नावाच्या खाजणातल्या लहान माशाचा रिसोत्तो, म्हणजे तिथला मऊ भात, खावा, लाकडी पुलावरून शेजारच्या मात्सोर्बो बेटावर चालत जावे आणि जमल्यास पाच मिनिटांच्या बोटीने तोर्चेल्लो बेटावर जाऊन ६३९ मध्ये स्थापन झालेल्या कॅथेड्रलमधली मोझेइक पाहावीत. सहलींचे गट चारनंतर परतू लागतात, दोऱ्यांवरचे कपडे आत घेतले जातात आणि दारांपुढे खुर्च्या येतात. हातात अर्धाच दिवस असेल तर माझे मत स्पष्ट आहे. एकट्या मुरानोला जावे आणि बुरानो पुढच्या खेपेसाठी ठेवावे.