मेंदूच्या देठातली गाठ: ‘हात लावला की माणूस गेला’ हे खरं नाही

सोलापुरात एमआरआयच्या रिपोर्टवर ‘ब्रेनस्टेम कॅव्हर्नोमा’, म्हणजे मेंदूच्या देठातली (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या भागातली) रक्तवाहिन्यांची गाठ, दिसलं की ओळखीपाळखीचे लोक हमखास सांगतात, ‘तिथं ऑपरेशन होतच नाही.’ पूर्वी हे बरंचसं खरं होतं. आता नाही. पण प्रत्येक कॅव्हर्नोमा काढायचाच, असंही नाही.

कॅव्हर्नोमा म्हणजे पातळ भिंतींच्या, कमी दाबाच्या रक्तवाहिन्यांचा तुतीसारखा झुबका. तो न फुटता योगायोगाने सापडला, तर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. रक्तस्राव होऊन त्रास सुरू झाला आणि गाठ पृष्ठभागाला टेकलेली असली, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रियेत गाठीपर्यंत पोचायची वाट ठरवताना गाठीचा मध्य आणि ती पृष्ठभागाच्या सर्वांत जवळ येते तो बिंदू जोडून रेषा पुढे वाढवतात. पॉन्सच्या (देठाच्या मधल्या भागाच्या) बाजूची गाठ कानामागून, चौथ्या पोकळीच्या (देठ आणि लहान मेंदू यांच्यामधल्या द्रवाने भरलेल्या जागेच्या) तळाजवळची मानेच्या वरून, लहान मेंदूच्या खालून. त्या तळावर चेहऱ्याच्या नसेचा उंचवटा असतो. तो दुखावला तर तोंड वाकडं होतं, डोळा बाहेर वळत नाही.

शेजारची मोठी शीर तशीच ठेवायची, कारण देठातलं रक्त तीच वाहून नेते. गाठीभोवतीचा पिवळट थरही इथं खरवडत नाहीत.

पुण्या-हैदराबादला दाखवायला जाताना नुसता कागद नेऊ नका, सीडी न्या. एसडब्ल्यूआय (रक्ताचे अंश ठळक दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारच्या) चित्रात गाठ फुगून दिसते, त्यामुळे ती पृष्ठभागाला टेकलीय का हे टी-१, टी-२ या एमआरआयच्या दुसऱ्या चित्रांवरूनच बघतात.