पत्र्यात मोठे भोक पाडणे

धातूच्या पातळ पत्र्यात (साधारण ०.५ ते ३ मिमी.) १२ मिमी.पेक्षा मोठे, गोल आणि काठ न फाटलेले भोक पाडण्याच्या घरगुती पद्धती. विद्युत पेटीत केबल ग्लँड (केबल आत घेऊन घट्ट धरणारा जोड) किंवा पुशबटण बसवताना आणि कॅबिनेटला पंखा लावताना हे काम निघते.

साध्या ट्विस्ट ड्रिलने ते नीट होत नाही. बिटाच्या धारा धातूत पूर्ण शिरण्याआधीच टोक पलीकडे निघते. टोकाचा आधार सुटला की बिट डगमगते आणि भोक गोल न होता तिकोनी होते. आरपार जाताना बिट अडकले तर पत्राच गरकन फिरतो. म्हणून पत्रा क्लँपने घट्ट आवळावा आणि हातमोजे काढून ठेवावेत, कारण फिरते बिट मोज्यासकट बोट ओढून घेते. गॉगल मात्र हवाच.

मध्यबिंदूवर सेंटर पंच मारताना मागे लाकडाचा ठोकळा धरावा, नाहीतर पत्र्याला पोचा येतो. नंतर ३ मिमी.चे पायलट भोक (मोठ्या बिटाला वाट दाखवणारे लहान भोक) पाडावे.

सुमारे ३० मिमी.पर्यंत स्टेप बिट (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारे शंकूसारखे बिट) सोयीचे. प्रत्येक पायरीला आधीच्या भोकाचा आधार मिळत असल्याने भोक गोल राहते. पायरीची उंची मात्र पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त हवी. नेहमीची चूक म्हणजे एक पायरी जास्त जाणे; हवी ती पायरी आधीच मार्करने रंगवून ठेवावी. मापेही तपासावीत : २२ मिमी. म्हणून विकल्या जाणाऱ्या पुशबटणाला प्रत्यक्षात २२.३ मिमी.चे भोक लागते, तेव्हा २२च्या पायरीनंतर थोडी कानस फिरवावी लागते.

सर्वांत स्वच्छ काठ नॉकआउट पंचाने मिळतो. बोल्ट जाईल एवढे भोक पाडून पत्र्याच्या एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला डाय (पंच आत शिरेल असा पोकळ साचा) बसवतात आणि पान्याने बोल्ट आवळतात. पंच डायमध्ये ओढला जातो आणि चकती कातरून निघते. पत्र्याला सगळीकडून आधार असल्याने तो वाकत नाही. बर (काठावर उरणारी धारदार कोर) डायच्या बाजूला येते, म्हणून जागा असेल तर डाय आत ठेवावी. बोल्टच्या आट्यांना ग्रीस न लावल्यास त्या लवकर झिजतात. साध्या पोलादासाठी बनवलेला पंच स्टेनलेसवर वापरल्यास धार तुटू शकते. प्रत्येक मापाला वेगळा पंच लागतो. एकाच भोकासाठी तो घेणे बहुधा परवडत नाही.

३० मिमी.हून मोठ्या व्यासाला होल सॉ (काठाला दात असलेली वाटीसारखी गोल करवत). इथे बिघडते ते बहुतेक वेळा वेगामुळे. साध्या पोलादासाठी दात मिनिटाला सुमारे २५ मीटर वेगाने फिरावेत, ५० मिमी.च्या सॉसाठी हे मिनिटाला जेमतेम १६० फेरे होतात. ड्रिल पूर्ण वेगाने चालवले तर दात निळे पडून बोथट होतात. स्टेनलेससाठी वेग याच्या निम्मा आणि दाब सलग ठेवावा, कारण नुसते घासत राहिले की धातू कठीण होतो. पत्र्यामागे प्लायवूड आवळले तर सॉच्या मधल्या पायलट बिटाला आधार मिळतो आणि सॉ सरकत नाही. आधीचेच भोक मोठे करायचे असल्यास पायलटला धरायला काहीच उरत नाही. अशा वेळी भोकावर प्लायवूडचा तुकडा आवळून त्यातूनच सॉ घालावा. कटिंग ऑइल थेंबाथेंबाने सोडत राहावे. ॲल्युमिनियमला केरोसीनही चालते.

चौकोनी किंवा फारच मोठे भोक जिगसॉने (वरखाली चालणाऱ्या विद्युत करवतीने) कापतात. जाडीत किमान दोन दात एकाच वेळी राहावेत : १.५ मिमी. पत्र्याला ०.७ मिमी. अंतराचे दात ठीक. रंगावर मास्किंग टेप लावली नाही तर जिगसॉचा तळ ओरखडे पाडतो.

शेवटी अर्धगोल कानशीने दोन्ही बाजूंची बर काढावी. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या उघड्या काठाला झिंक प्रायमर लावावा, आणि वायर जाणार असेल तर रबरी ग्रोमेट (काठ झाकणारी कडी) बसवावा. विद्युत पेटीत काम करण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून आतले भाग झाकावेत. उरलेला कीस कॉन्टॅक्टरमध्ये (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) शिरला तर पुढे शॉर्ट होण्याची भीती असते. कीस ब्लोअरने उडवू नये, व्हॅक्यूमने ओढून घ्यावा.